‘पाहतो जी’चं बटण

माझ्या माहेरी सीताबर्डीला तयार कपड्यांचं दुकान होतं आणि सासर उमरेडच्या विणकरांचं. त्यामुळे आमच्या घरातला भांडणाचा विषय लग्नाआधीच ठरून गेला होता. माझे वडील म्हणायचे, माणूस आत आला, अंगाला लावून पाहिलं, पिशवीत घातलं, निघाला. याला धंदा म्हणतात. नवऱ्याच्या घरी मात्र एकदा साडी मागावर चढली की ती उतरेपर्यंत कधी होईल असं कुणी विचारायचं नाही. त्याच्या वडिलांनी तरुणपणीच माग सोडून नागपुरात नोकरी धरली होती. त्याने स्वतः मागाला हात लावला तो लहानपणी, सुट्टीत उमरेडला आजोबांकडे गेल्यावर. पण वस्तू आपल्या हाताने बनवायची ही खोड त्याच्यात पुरेपूर उतरली होती.

आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो. बरोबरीची बहुतेक मुलं पुण्या-बंगलोरला गेली. आम्ही लग्न केलं आणि धरमपेठेत भाड्याने घेतलेल्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत वेबसाइट बनवायचा धंदा सुरू केला. सासरे तोवर गेले होते, सासूबाई आमच्याकडेच राहायला आल्या. कामाची वाटणी सोपी होती. तो कोड लिहायचा. मी गिऱ्हाईक आणायची आणि त्याचं लिहून व्हायला उशीर का होतोय हे त्या गिऱ्हाइकाला समजावत बसायची.

उशीर व्हायचा कारण त्याला काही तयार घ्यायचं नसायचं. जगात हजार कंपन्या आहेत. कुणी तयार कॅलेंडर देतं, कुणी तयार फॉर्म, कुणी मेसेज पाठवायची सोय. महिन्याचं ठरलेलं भाडं भरा, आपल्या साइटवर लावा, मोकळे व्हा. मी अशा सेवा शोधून त्याच्यासमोर ठेवायची आणि तो एखाद्या सुनेने आणलेल्या विकतच्या पोळ्यांकडे पाहावं तसा त्यांच्याकडे पाहायचा. म्हणायचा, चांगलं आहे, पण आपल्याला लागतं तसं नाही.

एका मंगल कार्यालयाचं काम आलं तेव्हा आमचं पुरा पावसाळा वाजलं. माझं म्हणणं, तारखांचं तयार कॅलेंडर मिळतं, एका दुपारचं काम. त्याचं म्हणणं, आपल्याकडे हॉलची तारीख भरलेली किंवा रिकामी एवढीच नसते. मधे एक अवस्था असते. मुलाचे मामा येऊन हॉल पाहून गेलेले असतात, आवडलेला असतो, पण मुलीकडच्यांचं ठरायचं असतं, आणि तोवर मालकाला ती तारीख दुसऱ्याला देववत नाही. तयार कॅलेंडरमध्ये या मामांना जागा नव्हती. त्याने त्यांच्यासाठी जागा केली, पिवळ्या रंगाची. मालक रोज फोन करायचे आणि मी रोज नवीन कारण सांगायची. शेवटी ते कॅलेंडर लागलं तेव्हा मालक इतके खूश झाले की आम्हाला कुणाच्या तरी लग्नाचं जेवण जेवायला बोलावलं. मी तिथेही तोंड वाकडं करूनच बसले होते.

संत्र्यांचं काम त्यानंतर आलं. नरखेड तालुक्यातल्या काही बागवाल्यांनी मिळून एक गट केला होता. दलालाला माल न देता घरोघरच्या लोकांनी सरळ बागेतून पेट्या मागवाव्यात, अशी त्यांची इच्छा. गटातले सगळ्यांत वडील एक काका होते. आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी, आणि एस.टी.ने यायचे ते कधी सांगून नाही. साइटवर ऑर्डर आली की ती ज्याची फळं तयार आहेत त्या बागवाल्याच्या फोनवर जायची, आणि उद्या तोडून देता येईल की नाही हे त्याने कळवायचं. मला हे काम फार सोपं वाटलं होतं. हो आणि नाही, दोन बटणं. तयार सेवा शोधून मी त्याच दिवशी समोर ठेवली.

आता या लोकांची एक रीत सांगायला हवी. बागेतलं फळ मागायला आलेल्याला ते ‘नाही’ म्हणत नाहीत. झाडावर पानांशिवाय काही नसलं तरी तो शब्द बागवाल्याच्या तोंडून निघत नाही. झाडाखाली उभं राहून ‘नाही’ म्हटलं तर झाड ऐकतं, असं काकांचं म्हणणं. फळ नसलं की ते म्हणतात, ‘पाहतो जी’. मागणारा समजतो, विषय सोडतो, चहा होतो, दोघंही घरी जातात.

नवऱ्याने हे सगळं त्याच्या प्रोग्रॅमला शिकवलं. बागवाल्याने बटण दाबायचंच नव्हतं. आपल्या मनाने, आपल्या बोलीत काहीही लिहावं, आणि प्रोग्रॅमने समजून घ्यावं. कुणी ‘हौ’ लिहायचं, कुणी ‘तोडून राहिलो’, कुणी ‘पानी आलं, मंग सांगतो’. आणि कुणी ‘पाहतो जी’ लिहिलं की प्रोग्रॅम एक शब्द न बोलता गप्प बसायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, माणूस शेतातून घरी आल्यावर, तो हळूच परत विचारायचा. परत ‘पाहतो जी’ आलं तर ऑर्डर शेजारच्या बागेकडे सरकवायचा. कुणालाच कुणाला ‘नाही’ म्हणावं लागायचं नाही. मी त्याला म्हटलं होतं, तू वेबसाइट नाही बनवली, तू गावातला एक समजूतदार म्हातारा बनवला. त्याला ते फार आवडलं. कितीतरी दिवस तो त्या प्रोग्रॅमला म्हातारबुवाच म्हणायचा.

मग एका उन्हाळ्यात त्याच्या पोटात गाठ निघाली. निघाली तेव्हाच ती पसरलेली होती. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून, पाणी देऊन, सगळं नीट सांगितलं. त्याने मान डोलावली, जणू कुणी नवीन काम समजावून देत होतं. घरी येतानाचं एवढंच आठवतं की ऑटोवाल्याने सिग्नलला ओल्या रुमालाने मान पुसली आणि मला वाटलं, या माणसाला आपलं काहीच माहीत नाही, किती बरं आहे.

उपचार सुरू झाले. पहिल्या खेपेनंतर घरी आल्यावर त्याने दोन दिवस झोप काढली आणि तिसऱ्या दिवशी लॅपटॉप मागितला. मला बरं वाटलं. कामात जीव रमेल, असं मी सासूबाईंना म्हणालेसुद्धा. पुढच्या खोलीत कूलरसमोर त्याची खाट टाकली होती. चहा घेऊन गेले तर पडद्यावर मंगल कार्यालयाची साइट उघडी होती आणि तो त्यातलं आपलं कॅलेंडर काढत होता.

मी विचारलं, काय करतोयस. म्हणाला, तयार कॅलेंडर लावतोय, तू म्हणायचीस तेच.

मला आधी थट्टा वाटली. मग दिसलं की मामांची पिवळी जागा गेलेली आहे. मी म्हटलं, मालकांना ते चालणार नाही. तो म्हणाला, चालेल, ते वहीत लिहून ठेवतील, आधी ठेवायचेच. मी म्हटलं, पण बिघडलंय काय त्यात. तेव्हा त्याने लॅपटॉप बाजूला केला.

“आज नाही बिघडलं. पुढच्या वर्षी बिघडन. मंग तू कोनाले फोन करशीन?”

मी चहाचा कप खाटेजवळ खाली ठेवला.

“तयार सेवेचं कसं, बिघडलं का त्यांचा मानूस असते. माह्यं बिघडलं तर माह्याशिवाय कोनी नाही.”

तिथून आमचं जुनं भांडण परत सुरू झालं, फक्त आता बाजू बदलल्या होत्या. इतकी वर्षं तयार घे, तयार घे म्हणून त्याच्या मागे लागणारी मी आता एकेका गोष्टीसाठी हटून बसत होते की हे राहू दे, हे तुझं आहे. आणि ज्याला विकतच्या पोळ्या नको असायच्या तो खाटेवर बसून त्या एकेक करून ताटात वाढत होता. एका दवाखान्याचे नंबर लावायची त्याची व्यवस्था गेली. एका शिकवणीवर्गाची हजेरी गेली. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. साइट तशीच, रंग तेच, गिऱ्हाइकांची तक्रार नाही. मला मात्र वाटायचं, हा माणूस घरातून आपले कपडे एकेक करून कमी करतो आहे आणि मला कपाट नीट लागलेलं दिसतं आहे. मी त्याला हे बोलले नाही. बोलले ते भलतंच. म्हटलं, तू जायचं पक्कं करून टाकलंस, निदान मला तरी विचारायचं होतंस. तो हसला नाही आणि चिडलाही नाही. म्हणाला, मला तरी कुणी विचारलं.

सासूबाई हे सगळं ऐकत असायच्या, म्हणजे त्यांना ऐकू येईल तेवढं. एका कानाने त्यांना जवळजवळ येतच नव्हतं. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नसे, पण मुलगा जुनं काढून नवीन लावतोय एवढं कळलं होतं. एकदा त्यांनी त्याला विचारलं की जुनं आधी पुरं काढतोस का. तो म्हणाला, नाही, दोन्ही काही दिवस बरोबर चालवतो, जुन्याचं एक टोक धरून नव्याचं एक टोक जोडतो, सगळं जुळलं की मग जुनं सोडतो. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मागाले रिकामं नाही करत वं. जुन्या सुताचे टोकं ठेवतात, अन् त्याले नवं सूत बांधतात. रिकामा केला तर पहिल्यापासून भरा लागते.” लग्न होऊन उमरेडला आल्यावर, सासऱ्यांनी माग सोडेपर्यंत, त्यांनी हे धागे बांधले होते. आताही त्या बसल्या बसल्या पदराचं टोक दोन बोटांत धरून पीळ द्यायच्या. त्या दिवशी त्या मुलाच्या पायाशी बसून तसंच करत राहिल्या.

शेवटी नरखेडचं राहिलं. म्हातारबुवा. मी सांगून टाकलं की याला हात लावायचा नाही. मी शिकेन, कोड वाचेन, बिघडलं तर दुरुस्त करेन, कॉलेजात माझे मार्क तुझ्याहून जास्त होते. तो म्हणाला, होते. पण त्याच्या प्रोग्रॅममध्ये इतक्या वर्षांत इतक्या लोकांची इतकी बोलणी शिरली होती की त्याचा त्यालाच कधी कधी पत्ता लागत नसे. दरवर्षी कुणीतरी नवीन काहीतरी लिहायचं आणि तो ते आत घालायचा. हे वाचून शिकण्यासारखं नाही, म्हणाला. हे सगळ्यांत आधी जायला हवं होतं, मीच मागे ठेवलं. माझा आवाज चढला, सासूबाई आतून आल्या, आणि मग मी गप्प झाले कारण तो दमला होता. दमलेल्या माणसाशी भांडता येत नाही. त्या आजाराने माझ्याकडून जे जे काढून घेतलं त्यात हे भांडण मला सगळ्यांत जास्त लागलं.

दसऱ्याच्या सुमारास, अंबिया बहाराची, म्हणजे संत्र्याच्या पहिल्या हंगामाची फळं निघायला लागली तेव्हा, तयार सेवा लागली. बागवाल्याच्या फोनवर सुंदर मेसेज येई आणि खाली दोन बटणं. हो. नाही.

सगळ्यांनी ‘हो’ दाबलं.

ज्याची फळं होती त्याने दाबलं, ज्याची हिरवी होती त्याने दाबलं, आणि ज्याने बाग आधीच व्यापाऱ्याला दिली होती त्यानेही दाबलं. सेवेने प्रत्येक गिऱ्हाइकाला लगेच कळवलं की तुमची पेटी निघाली. पेट्या कुठल्या निघायला. पुण्याहून, मुंबईहून लोक फोन करून माझ्यावर ओरडायला लागले आणि मी नरखेडला फोन करून बागवाल्यांवर ओरडायला लागले. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, हो जी, बरोबर आहे जी. त्यानेही ऑर्डर भरून निघत नव्हती. मला मनातून, खरं सांगायचं तर, बरंही वाटत होतं. म्हटलं, आता तरी हा आपला म्हातारबुवा परत लावेल.

दोन-तीन दिवसांनी काका आले. न सांगता, पिशवीत मोसंबी घेऊन. नवऱ्याला त्यांनी बऱ्याच महिन्यांनी पाहिलं होतं. दारात एक क्षण थांबले, मग येऊन खाटेजवळच्या खुर्चीवर बसले आणि तब्येतीचं काहीच विचारलं नाही. थोडा वेळ पाऊसपाण्याचं झालं. मग मीच विषय काढला की काका, फळ नाही तर ‘नाही’ दाबायला काय हरकत आहे, समोर माणूस थोडाच उभा आहे.

“मानूस नाही, पन मांगणं तर मानसाचंच आहे,” काका म्हणाले. “घरात बसून ‘नाही’ दाबाले गेलं, तरी समोर झाड दिसते. हात नाही उचलत, मॅडम.”

नवरा खाटेवर पडल्या पडल्या हसायला लागला. त्याला हसलं की दुखायचं, तरी हसत होता. काकाही हसले. सासूबाईंना काही ऐकू गेलं नव्हतं, पण मुलगा हसतोय म्हणून त्याही हसल्या. मी मोसंबी आत ठेवायला गेले.

काका गेल्यावर मी म्हटलं, चल, लाव तुझं जुनं. तो ‘बघू’ म्हणाला आणि ती संध्याकाळ डोळे मिटून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीला टेकून त्याने ती तयार सेवा उघडली. बटणावरचा मजकूर बदलता येत होता. त्याने ‘नाही’ पुसलं आणि तिथे लिहिलं, ‘पाहतो जी’. एवढंच केलं.

मी विचारलं, मग ते दाबल्यावर पुढे काय. सेवेत परत विचारायची सोय नाही का. तो म्हणाला, आहे, पण ती लावली नाही. बागवाल्याने ‘पाहतो जी’ दाबलं की निरोप तुझ्या फोनवर येईल, आणि तू त्याला फोन करायचा.

“म्हंजे मशीनचं काम मी करू?” मी म्हटलं. “याच्यासाठी भाडं भरून राहिलो आपण?”

“तू कर. मशीन विचारन अन् चूप बसन. तुले बोलाले कोनी तरी लागते.” मग म्हणाला, “आईले तर ऐकू येत नाही.”

मला त्याचा फार राग आला. इतका राग मला त्याच्या आजाराचाही आला नव्हता. आपण गेल्यावर बायको कुणाशी बोलेल याची व्यवस्था माणूस एखाद्या फॉर्मच्या बटणात करून ठेवतो, हे कुठलं शहाणपण. मी तसं म्हणाले नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकात मीठ घालायला विसरले आणि त्याने मुकाट्याने जेवून घेतलं.

पण निरोप यायला लागले आणि मी फोन करायला लागले. आधी मी सरळ विचारायची, फळ आहे की नाही. पलीकडून नुसतं ‘हो जी’ यायचं. तो खाटेवरून ऐकायचा आणि हाताने खूण करायचा, हळू. मग सांगायचा, आधी पाण्याचं विचार, मोटर चालू आहे का विचार, बहार कसा आहे विचार, फळाचं सगळ्यांत शेवटी. तसं केलं की खरंच कळायचं. कुणाची विहीर आटली आहे, कुणाची सून बाळंतपणाला गेली आहे, कुणाची फळं आठ दिवसांनी होतील, हे सगळं त्या बोलण्यात असायचं. फोन ठेवला की तो विचारायचा, काय म्हणाले, आणि मी त्याला सगळं सांगायची. तो हिवाळा आम्ही असा काढला. त्या तीन-चार महिन्यांत मी त्याच्याशी जितकं बोलले तितकं आधीच्या कित्येक वर्षांत बोलले नसेन. आणि बोललो ते सगळं दुसऱ्यांच्या विहिरींबद्दल. आमच्याबद्दल बोलण्यासारखं जे होतं ते दोघांनाही माहीत होतं.

थंडी सरता सरता, मृग बहाराची, म्हणजे दुसऱ्या हंगामाची फळं निघायला लागली तेव्हा तो गेला. सकाळी गेला, सासूबाईंनी त्याच्या पायांना तेल चोळता चोळता. त्यांना कळलं नाही, त्या चोळत राहिल्या. मला कळलं तरी मी त्यांना लगेच थांबवलं नाही.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलं होतं. नरखेडहून बागवालेही आले. एकाच गाडीत दाटीवाटीने बसून आले, खाली बिल्डिंगच्या अंगणात सतरंजीवर बसले. मी वर, बायकांत. कुणीतरी येऊन सांगितलं की संत्र्यांवाले आले होते, पाणीही न घेता गेले. काकांची टोपी मला गॅलरीतून दिसली होती. त्यांना वर या म्हणावं असं वाटलं, पण त्या दिवसांत मला काय वाटतं ते माझ्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

साइट मात्र चालली होती. त्याने म्हटलं होतं तसंच झालं. मी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि तिचं काही अडलं नाही. ऑर्डरी आल्या, बागवाल्यांनी ‘हो’ दाबलं, पेट्या गेल्या. इतक्या दिवसांत एकदाही ‘पाहतो जी’ आलं नाही. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. नणंदा, जावा सगळ्या आपापल्या घरी गेल्या आणि घरात सासूबाई आणि मी राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुढच्या खोलीत त्याच्या खाटेवर जाऊन बसल्या, पदराचं टोक बोटांत धरून. मी त्यांना चहा दिला, त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. दोघींपैकी कुणी बोललं नाही. माझ्या लक्षात आलं की यापुढे हे असंच असणार आहे.

तेवढ्यात फोन वाजला. निरोप होता, ‘पाहतो जी’. मग दुसरा. मग तिसरा. मी लॅपटॉप उघडला. आदल्या दिवशीच्या जितक्या ऑर्डरी होत्या तितक्या सगळ्यांसमोर तेच. गटातल्या एकूणएक बागवाल्याने ‘पाहतो जी’ दाबलं होतं, काकांसकट.

मी भडकले. मला वाटलं, सगळ्यांनी मिळून व्यापाऱ्याला माल दिला. घरात माणूस राहिला नाही म्हणून हात झटकले. मृगाचा बहार भरात असताना एकाचीही बाग रिकामी असणं शक्य नव्हतं. मी काकांना फोन लावला आणि ना पाण्याचं विचारलं, ना मोटरचं. त्याने शिकवलेलं सगळं विसरून सरळ विचारलं.

“काका, झाडं भरून आहेत. सगळ्यांनीच पाहतो काहून दाबलं?”

पलीकडे मागे कुठेतरी पेटीला खिळे ठोकल्याचा आवाज येत होता.

“फळ आहे वं माय,” काका म्हणाले. “तोडून ठेवलं, पेट्या भरून राहिल्या. त्या दिवशी आलो, पन तुमच्याशी बोलता नाही आलं. अन् सुतकाच्या घरी आमी फळाचा फोन कसा करावा? मंग सगळ्यायले म्हटलं, तेरवी होऊ द्या, अन् पाहतो दाबा. मॅडमचाच फोन येईन.”

मी फोन कानाला धरून उभी होते. खाटेवरून सासूबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या आणि त्यांनी विचारलं की कोण आहे. मी हाताने खूण केली, थांबा.

“ठेवू नका,” काका म्हणाले. “बोला काही.”

मी विचारलं, पाणी कसं आहे. ते सांगायला लागले. विहीर अजून चांगली आहे, मोटर मधे जळली होती ती बांधून आणली, खालच्या अंगाच्या झाडांना यंदा फळ मोठं आहे. मी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला, आणि कुणीतरी ‘काय म्हणाले’ विचारेल म्हणून खाटेकडे वळले. मग सासूबाईंच्या चांगल्या कानाशी बसून, मोठ्याने, त्यांना सगळं सांगितलं, आणि पुढच्या बागवाल्याला फोन लावला.